बोलणाऱ्यांची नावे

आमच्या शाळेतल्या फळ्याचे तीन भाग होते. वरच्या पट्टीत वार, दिनांक, पट, हजर आणि सुविचार. मधला ऐसपैस भाग गुरुजींचा. आणि उजवीकडे खाली, जिथला काळा रंग उडाला होता त्या कोपऱ्यात, खाली दोन रेघा ओढलेला मथळा : बोलणाऱ्यांची नावे. वरचं कोणी वाचत नसे, मधलं फारसं कोणाला समजत नसे. तो कोपरा मात्र, एरवी ‘गुरुजी, दिसत न्हाई’ म्हणून ओरडणाऱ्या शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही लख्ख दिसायचा.

यादी करायचा अधिकार मॉनिटरचा. गुरुजी चहाला गेले, पगारपत्रकावर सही करायला हेडमास्तरांच्या खोलीत गेले, किंवा गावात कोणी वारलं म्हणून मातीला गेले, की मॉनिटर हातात खडू घेऊन उभा राहायचा आणि वर्गापुरती राज्यघटना स्थगित व्हायची. आरोप त्याचा, तपास त्याचा, निकालही त्याचा. अपील नाही. एकदा बोललं की नाव. पुन्हा बोललं की नावापुढे ‘×२’. मग ‘×३’. गुरुजी परत आले की निरगुडीच्या फोकाने तेवढ्या छड्या. गुणाकाराने रक्कम वाढते ही गोष्ट गणिताच्या तासाला मला कधी पटली नव्हती, ती या कोपऱ्याने पटवली.

काळ १९९०-९१, जागा माणदेशातला एक सातवीचा वर्ग. माणदेशात पाऊस कमी आणि म्हणून बोरं भरपूर. पैसा कोणाच्याच खिशात नव्हता, बोरं सगळ्यांच्या खिशात होती, त्यामुळे आमच्या वर्गातला सगळा भ्रष्टाचार बोरांत चालायचा. फळ्यावरचं नाव पाच गावठी बोरांत पुसलं जाई. कलमी असतील तर दोनांतही भागायचं. मॉनिटर जिभेला बोट लावायचा, इकडे तिकडे बघायचा आणि नावावरून फिरवायचा. खडूचा एक ओला पांढुरका डाग तेवढा मागे राही. त्या डागांवरून आज किती जणांची सोय झाली ते मोजता यायचं.

हा मॉनिटर माझ्याच बाकावर बसायचा. पहिलीपासून. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण नावं लिहिणं हे त्याचं खातं होतं, माझं नव्हे.

डिसेंबरातल्या एका दुपारी गुरुजी बाहेर गेले आणि तो उठून फळ्याशी उभा राहिला. मी शुद्धलेखन लिहीत होतो. तोंड मिटलेलं होतं. किंबहुना तोंडात बोर असल्यामुळे ते उघडणं शक्यच नव्हतं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं आणि एक भुवई वर केली. मी मान हलवली. माझा युक्तिवाद साधा होता : मी बोललेलोच नाही, मग बोरं कशाला द्यायची? लाच ही मुळात निरपराध माणसानेच द्यायची असते, हे कळण्याइतकं माझं वय नव्हतं.

त्याने माझं नाव लिहिलं.

मी बोर गिळून ताडकन उठलो. म्हणालो, “मी बोललो न्हाई!”

त्याने शांतपणे ‘×२’ लिहिलं.

“आरं, आत्ता बोललो! आधी न्हवतो बोललो!”

‘×३’.

मी खाली बसलो आणि “देवा” म्हणालो. ‘×४’.

गुरुजी आले. माझा खुलासा त्यांनी ऐकून घेतला, नाही असं नाही. “बोलला नाहीस म्हणतोस?” “नाही गुरुजी.” “मग हे कोण बोलतंय?” या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे पाचवी छडी ओढवून घेणं, म्हणून मी हात पुढे केला. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी झाली, तेव्हा ती बातमी वाचून मी बराच वेळ स्वतःचा तळहात बघत बसलो होतो. कायदा मागल्या तारखेपासून लागू करता आला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी आमची कट्टी झाली.

कट्टीचे नियम गावागणिक बदलतात. आमच्याकडे करंगळीत करंगळी अडकवायची आणि झटक्याने सोडवायची. म्हणजे भांडण मोडायलाही समोरच्याने सहकार्य करावं लागतं, आणि त्याने ते केलं, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण कट्टी झाली तरी बाक एकच. गुरुजींनी जागा ठरवून दिलेल्या. तेव्हा मी कंपासपेटीतून कर्कटक काढलं आणि बाकावर मधोमध रेघ मारायला घेतली. मधोमध मारायची तर पट्टी हवी. पट्टी होती त्याच्याकडे आणि कट्टीत ती मागता येत नव्हती. म्हणून अंदाजाने मारली. ती दोन बोटं त्याच्या अंगाला गेली असा त्याचा दावा होता. मधल्या सुट्टीनंतर येऊन पाहिलं तर पहिल्या रेघेशेजारी दुसरी रेघ होती, दोन बोटं माझ्या अंगाला. मधल्या चार बोटांच्या वादग्रस्त पट्ट्यात कोणाचीच दौत ठेवता येईना.

बोलणं बंद असलं तरी हद्दीचे प्रश्न रोज निघतात. त्यासाठी पुढच्या बाकावरचा एक पोरगा मध्यस्थ म्हणून मिळाला. मी त्याला सांगायचो, “त्याला सांग, त्येचं कोपर हिकडं आलंय.” तो मागे वळून, माझ्यापासून वीतभर अंतरावर बसलेल्या माणसाला सांगायचा, “तुझं कोपर तिकडं गेलंय म्हनं.” उत्तर यायचं, “त्याला सांग, कोपर माझं हाय, कुटं बी ठेवीन.” ते तो मला सांगायचा. दोन्हीकडचं सगळं मला आणि त्याला मुळातच ऐकू येत असे, पण शिष्टाचार म्हणून आम्ही दुसऱ्यांदा ऐकून घ्यायचो. असं चारआठ दिवस चाललं आणि मग मध्यस्थाचं नाव फळ्यावर ‘×७’ लागलं. तक्रारी आमच्या, पण आवाज त्याचा. मध्यस्थी करणाराच शेवटी मार खातो, हे पुढे लग्नं जमवणाऱ्या अनेकांच्या बाबतीत मी पाहिलं.

हे कधीतरी गुरुजींच्या कानावर गेलं. गुरुजी मनाने फार चांगले. फोक ही त्यांची सवय होती, स्वभाव नव्हे. त्यांनी आम्हा दोघांना फळ्यापुढे उभं केलं आणि पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट सांगितली. नाथ गोदावरीत स्नान करून येत. वाटेत एक माणूस त्यांच्या अंगावर थुंके. नाथ न रागावता पुन्हा नदीवर जाऊन स्नान करत. तो पुन्हा थुंके. असं एकशे आठ वेळा झालं आणि शेवटी तोच नाथांच्या पाया पडला. गोष्ट चांगलीच होती. फक्त आमच्या गावात नळाला चार दिवसांतून एकदा पाणी यायचं, त्यामुळे वर्गाचं सगळं लक्ष एकशे आठ आंघोळींवर खिळलं. कोणीतरी विचारलं, “गुरुजी, त्यो एकशे नवव्यांदा थुकला असता तर?” त्याला शांतीचं महत्त्व निरगुडीच्या फोकाने समजावून देण्यात आलं.

“आता एकमेकांना मिठी मारा,” गुरुजी आमच्याकडे वळून म्हणाले.

आता महाराष्ट्रात चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज. तो मन लावून शिकलेल्या पोराला ‘मिठी मारा’ म्हटलं की एकच तारीख आठवते : १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अडचण अशी होती की आम्ही दोघंही मनातल्या मनात महाराज होतो. खान व्हायला कोणीच तयार नव्हतं. त्याने माझ्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. मी त्याच्या सदऱ्याखाली काही टणक लागतंय का ते आधी चाचपून घेतलं. टणक लागलं, ती बोरं निघाली. मागच्या बाकावरचे दोघंजण जिवा महाला व्हायला आपण होऊन उठून उभे राहिले होते. मिठी झाली, दोघंही जिवंत परतलो, गुरुजींना समाधान वाटलं. जागेवर येऊन बसताच मी मध्यस्थाला म्हणालो, “त्याला सांग, ह्ये गुरुजींनी सांगितलं म्हणून.”

त्याच सुमारास चाचणी परीक्षा आली. मराठीच्या पेपरात निबंध होता क्षमेवर. माझ्याकडे विषय तयार होता आणि मार्कांसाठी माणूस काहीही करतो. माझ्या जिवलग मित्राने माझ्यावर कसा अन्याय केला, माझं अंतःकरण कसं पिळवटलं, आणि शेवटी मी त्याला कसं उदार मनाने क्षमा केली, असं सगळं मी दीड पान लिहिलं. वाचनालयातून ‘श्यामची आई’ आणून वाचलं होतं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे आम्हाला पाठ होतं. तिथल्यासारखे अश्रूही मी योग्य जागी घातले. पेपर मिळाले तेव्हा मला दहापैकी सात आणि त्याला आठ. मी त्याचा पेपर ओढून वाचला. अक्षर न् अक्षर माझं होतं. त्याच्या निबंधात अन्याय मी केला होता, अंतःकरण त्याचं पिळवटलं होतं, आणि त्याने मला, माझ्याच शब्दांत, क्षमा करून टाकली होती. एक मार्क जादा होता तो सुवाच्य अक्षराचा. एवढी वर्षं फळ्यावर नावं लिहून त्याचं वळण खरोखर सुरेख झालं होतं.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. सांगायला मी अगदीच चुकीचा माणूस निवडला होता असं आईचं मत पडलं. कारण आबांचा आणि त्यांचे चुलतभाऊ तात्या यांचा बांधावरून तालुक्याच्या कोर्टात दावा चालू होता. दावा माझ्यापेक्षा वयाने मोठा. शाळेत आम्ही रोज सकाळी प्रतिज्ञेत साऱ्या देशाला बांधव मानायचो, पण बांधव मानल्याने भांडणं मिटतात हा समज, ज्यांना शेत नाही अशाच कोणाचा तरी असणार. आमच्या तालुक्याच्या कोर्टातली निम्मी गर्दी भावाभावांचीच असायची.

तारखेच्या दिवशी आबा आणि तात्या सकाळच्या एकाच एस.टी.ने निघत. दुसरी गाडीच नव्हती. तात्यांना दम्याचा त्रास, म्हणून आबा त्यांना खिडकीची जागा देत. वाटेत आबांची तंबाखू आणि तात्यांचा चुना. कोर्टात गेल्यावर दोघंही एकमेकांना खोटारडे ठरवत. पुढची तारीख पडे. मग स्टँडवर दोघं भजी खात आणि पैसे मीच देणार यावरून तिथे त्यांचं जोरदार भांडण होई, बांधापेक्षा कडाक्याचं. संध्याकाळच्या गाडीने दोघं शेजारी शेजारी पेंगत परत.

मी विचारलं, “आबा, तुमी तात्यांना माफ का करत न्हाई?”

आबांनी अडकित्त्यात सुपारी धरली होती, ती तशीच राहिली. म्हणाले, “माफ केलं तर तालुक्याला कुणासंगं जायचं?”

मग संक्रांत आली. आमच्या शाळेत तिळगुळाची एक उतरंड होती, ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती पण चुकतही नव्हती. जिवलगाला लाडू. बऱ्यापैकी मित्राला वडी. वर्गबंधूंना चिमूटभर हलवा. वैऱ्याला हलव्याचा एक दाणा, कारण द्यावा तर लागतोच. तो डबी घेऊन आला आणि त्याने दोन बोटांच्या चिमटीत धरून एक दाणा माझ्या हातावर ठेवला. मी त्याला एक दाणा दिला. त्याचा दाणा बघितला तर त्याला धड काटेही फुटले नव्हते. माझा टपोरा होता, घाईघाईत नीट निवडला नाही याचं नंतर वाईट वाटलं. तिळगूळ दिला की गोड बोला असं म्हणावं लागतं, आणि आमची तर कट्टी. शेवटी त्याने मध्यस्थाकडे तोंड केलं. “त्याला सांग, तिळगूळ घ्या, गोड बोला.”

मध्यस्थाने दोन्ही बाजूंनी लाडू घेतला.

त्याची मॉनिटरकी गेली ती एका खणामुळे. गुरुजींनी लाल शाईचा पेन शोधायला टेबलाचा खालचा, कधीच न उघडणारा खण जोर लावून ओढला आणि त्यातून बोरांच्या बियांचा ढीग जमिनीवर ओतला गेला. एका वर्षाचा महसूल होता तो. गुरुजींनी वर्गाला त्या उचलायला सांगितलं. इथे आमच्या शिक्षणातला एक दोष उघडा पडला. दर वर्षी १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी, त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे जयंती. भाषण करणारी निम्मी पोरं अण्णाभाऊंवर बोलायची आणि उरलेली सगळी टिळकांच्या शेंगांच्या टरफलांवर. त्यामुळे गुरुजींनी पहिल्या पोराला ‘उचल’ म्हणताच तो बाणेदारपणे उभा राहिला आणि बोरं आपण खाल्ली नाहीत, सबब बिया उचलणार नाही, असं म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्याने तर हातवारेही केले. “गाढवांनो,” गुरुजी ओरडले, “टिळकांनी खरंच खाल्ल्या नव्हत्या!”

बिया मॉनिटरनेच उचलल्या. मी बाकावर बसून पाहत होतो. मला जेवढा आनंद होईल असं वाटलं होतं तेवढा झाला नाही, पण बराच झाला.

नवी मॉनिटर झाली पोस्टमास्तरांची मुलगी. ती प्रामाणिक होती.

हे वाक्य वाचायला सोपं आहे. त्या वर्गात बसून ते जगायला फार अवघड होतं. तिला बोरं चालत नसत. चिंचा चालत नसत. एकाने घरून पेढा आणला, तिने ‘लाच देण्याचा प्रयत्न’ असं त्याच्या नावापुढे कंसात लिहिलं. पुटपुटणं, खाकरणं आणि ओठ हलवत मनात वाचणं, तिन्ही बोलण्यातच धरलं जाई. एकदा गोंधळ झाला म्हणून ती स्वतः “गप्प बसा” म्हणाली, क्षणभर थांबली, आणि फळ्याकडे वळून तिने स्वतःचं नाव लिहिलं. वर्गाच्या अंगावरून काटा सरकत गेला. जी स्वतःलाच सोडत नाही ती आपल्याला काय सोडणार?

त्यातच १९९१ ची जनगणना आली. साऱ्या देशातल्या गुरुजींबरोबर आमचेही गुरुजी तक्ते घेऊन दारोदार फिरू लागले. त्या मोजणीत भारताची लोकसंख्या ८४ कोटींवर भरली, आणि ती भरेपर्यंत दुपारनंतरचा वर्ग पोस्टमास्तरांच्या मुलीच्या ताब्यात राहिला. गुरुजी गावाची डोकी मोजत होते आणि ती आमची तोंडं. संध्याकाळी दमून आलेल्या गुरुजींना फळ्याचा अर्धा भाग भरलेला दिसायचा. शेवटी त्यांनी छड्या बंद केल्या आणि सरसकट अंगठे धरायला लावायला सुरुवात केली. हात दुखत होता, त्यांचा.

आठवड्याभरात वर्गाचं मत बदललं. मधल्या सुट्टीत लिंबाखाली पोरं जुने दिवस आठवू लागली. “त्याच्या वक्ताला निदान बोलता तरी यायचं.” “पाच बोरात मानूस मोकळा व्हायचा.” “खायचा, पण काम करायचा.” हेच वाक्य पुढे मी मतदानाच्या रांगांमध्ये इतक्या वेळा ऐकलं, की दर वेळी मला त्या लिंबाची सावली आठवते. सचोटी चांगलीच असते. तिच्याशी घासाघीस करता येत नाही, एवढंच.

माझ्याही मनात काहीतरी हलत होतं. नाथांनी हललं नाही, मिठीने हललं नाही, तिळाने तर नाहीच नाही. एका दुपारी पोस्टमास्तरांच्या मुलीने कोणाचं तरी शिंकणं नोंदवलं आणि माझ्या शेजारून, चार बोटांच्या त्या वादग्रस्त पट्ट्यापलीकडून, कोणाच्याही मध्यस्थीशिवाय आवाज आला :

“ही जरा जास्तीच करतीया.”

“लईच,” मी म्हणालो.

दोघांचीही नावं लिहिली गेली. माझं दुसरं, त्याचं पहिलं. न्यायाने.

संध्याकाळी व्हरांड्यात आम्ही अंगठे धरून शेजारी शेजारी उभे होतो. अशा अवस्थेत शाळा, लिंब, झेंड्याचा खांब, सगळं उलटं दिसतं. पण आम्ही दोघंही उलटे असल्यामुळे एकमेकांना बरोबर दिसत होतो.

“त्या दिवशी तू बोलला न्हवतास,” तो म्हणाला.

“मग नाव का लिवलंस?”

“बोरं का दिली न्हाईस?”

“पाच बोरं? न बोलता?”

“पाच बाकीच्यांस्नी,” तो म्हणाला. “तुला तीनच लावली हुती. पैलीपासनं एका बाकावर हाय आपण.”

मला गहिवरून आलं. अंगठे धरलेले असताना गहिवर डोळ्यांतून कपाळाकडे वाहतो, तो पुसताही येत नाही. त्याने माझ्यासाठी भाव पाडला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

“मग ह्ये तवाच सांगायचं न्हाई व्हय?” मी म्हणालो.

“कसं सांगनार?” तो म्हणाला. “वर्गात बोलायला बंदी न्हवती का?”